दाराच्या आतली बाजू

कोयनानगर
२६ ऑक्टोबर २०२५, दुपार

आबेदाआपा,

सलाम.

माझा नंबर तू ब्लॉक केला आहेस. वसीमच्या फोनवरून लावला तर माझा आवाज आल्याबरोबर ठेवतेस. म्हणून कागद. आपण घरात जे बोलतो ते मला लिहिता येत नाही, शाळा मराठी झाली, तेव्हा पत्रही मराठीत. पाकिटावरचं अक्षर ओळखून फाडणार असशील तर फाड.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघं इथे आलो आहोत. वसीम, मी आणि मदिहा. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण चार दिवस कुठे राहायला म्हणून हे पहिलंच येणं. वसीमने मोटारी भरायचं, वाइंडिंगचं दुकान बंद ठेवून मला न विचारता खोली ठरवली. विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते, हे त्याला ठाऊक होतं.

हॉटेल वाईट नाही. वरच्या मजल्यावर १०४ नंबरची खोली, गॅलरीतून धरणाचं पाणी दिसतं. आम्ही अकराला आलो, आता दीड वाजला. त्या दोघांना मी अजून गॅलरीतल्या खुर्च्यांवरच बसवलं आहे. आधी दाराची कडी पुसली, मग दिव्यांची बटणं, नळ, कपाटाच्या मुठी. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर रबर लावलं. घरून दोन चादरी, उशांचे अभ्रे, आमची बादली आणि मगही आणला आहे. मी एक बॅटरीही मागवली होती, निळ्या उजेडाची. पडदे ओढून तिचा उजेड टाकला की साध्या डोळ्यांना न दिसणारे डाग दिसतात. हॉटेलच्या चादरीवर पाच दिसले. ती चादर मी काठीने उचलून बाहेर ठेवली.

खाली गादी बघितली. स्पंजची, वरून रेक्झिनचं कव्हर. अब्बा असते तर त्यांनी आधी तळहात दाबला असता आणि गादी कुणी भरली, किती वर्षांपूर्वी, कापसात किती कचरा आहे, सगळं सांगितलं असतं. गादीच्या मधोमध खोलगट झालं होतं, कुणीतरी पुष्कळ दिवस एकाच जागी झोपल्यासारखं. मी गादी उलटी केली. खालच्या बाजूलाही तसाच खळगा होता.

पलंगाजवळच्या भिंतीवर हाताचा पंजा उमटलेला आहे. बसलेला माणूस उठताना जिथे आधार घेईल, त्याच उंचीवर. मी तो दोनदा पुसला.

मला हे असं कधीपासून, म्हणून लोक विचारतात. मी सांगते, मदिहा सातव्या महिन्यात झाली तेव्हापासून. डॉक्टरांनी बजावलं होतं, हिच्या छातीला जपा, बाहेरचं कुणी जवळ येऊ देऊ नका. ती दोन महिन्यांची होती तेव्हा तू अब्बांना ताप असताना कुंडलहून कराडला आणलंस. करोनाची दुसरी लाट होती, कुठल्याच दवाखान्यात जागा नव्हती. तुम्ही आमच्या दारात आलात आणि दार बंद होतं. मग स्टँडजवळच्या लॉजवर गेलात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बा तिथेच गेले. त्याचा राग तू माझ्यावर धरलास. पण मी त्या दिवशी मलकापूरला सासूबाईंकडे होते. फोन पिशवीत राहिला होता. हे तुला तेव्हाच सांगितलं आहे, परत लिहायचं काही कारण नाही.

वसीम आत येऊ का म्हणून विचारतो आहे. बाथरूम अजून राहिलं आहे.

समीना


कोयनानगर
२७ ऑक्टोबर, सकाळ

आपा,

कालचं पत्र अजून टाकलेलं नाही. पोस्ट आज उघडेल.

शेजारच्या १०५ मध्ये एक म्हातारा माणूस आहे. खोकतो. आधी कोरडं, मग खोल, मग काही वेळ काहीच नाही, आणि मग एकदम घशाशी अडकल्यासारखं. मधल्या त्या शांततेत मी श्वास धरून थांबते. मला तो खोकला पाठ आहे, आपा. तुलाही असेल.

मी टॉवेल ओला करून दाराच्या फटीत बसवला. मदिहाने विचारलं, "अम्मी, पाणी आत येणार आहे का?" मी हो म्हटलं.

खोली झाडायला येते ती धोंडुबाई, जवळच्याच वाडीतली, साठीची तरी असेल. तिला मी म्हटलं, "मावशी, फडका कुठला वापरता? १०५ मध्ये वापरलेला इथे नको." ती म्हणाली, "बाई, फडकं येगळं, बादली येगळी. तुमी म्हनत असाल तर दारातनंच पाणी देते, तुमीच पुसा." टोमणा नव्हता. तिला खरंच वाटलं की मला तेच बरं पडेल. मी पाणी घेतलं.

तिला भिंतीवरचा पंजा दाखवला. काल पुसला होता, आज परत आला आहे, म्हटलं. तिने जवळ जाऊन बघितलं. "भिंतीला वल हाय. हात टेकला की उमटतो. तुमचाच आसंल." मी माझा हात त्यावर ठेवला. बरोबर बसला. पण मी तिथे हात टेकल्याचं मला आठवत नाही. त्या भिंतीला मी हात लावीनच कशी?

नाश्त्याला खाली जाताना शेजारचे भेटले. भाऊसो नाव त्या म्हाताऱ्यांचं, माण तालुक्यातले, दहिवडीच्या बाजूचे. आयुष्य मेंढरांमागे गेलं म्हणे, कधी एक दिवस घराबाहेर मौजेसाठी राहिले नव्हते. मुलगा रविराज मुंबईला असतो, त्याने आणि सून सोनियाने हौसेने दोघांना धरण दाखवायला आणलं आहे. त्यांची बायको अंबूबाई. तिने पदराची गाठ सोडून मदिहाच्या हातावर रव्याचा लाडू ठेवला. मदिहाने तोंडाजवळ नेला आणि मी तो तिच्या हातातून काढून घेतला. आपा, मी हिसकावला. लाडू फुटून जिन्यावर पडला.

अंबूबाई म्हणाली, "घरचा हाय गं बाई. साजूक तुपातला हाय."

मी म्हटलं, "तिला गोड चालत नाही."

मदिहा म्हणाली, "चालतं."

वसीम खाली बसून लाडवाचे तुकडे वेचायला लागला. भाऊसोही वाकले, वाकताना खोकला आला आणि त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. माझ्याकडे नाही, भिंतीकडे. ती त्यांची सवय असेल. मला मात्र वाटलं, त्यांनी मला ओळखलं.

खोलीत आल्यावर वसीम म्हणाला, "समीना, ही सुट्टी आहे का? दोन दिवसांत पोरीचे पाय जमिनीला लागू दिलेले नाहीस." मी म्हटलं, हिच्या छातीचं तुला माहीत आहे. तो म्हणाला, "साडेचार वर्षांची झाली ती. गेल्या वर्षभरात तिला साधी सर्दी झालेली नाही. तू कुणाला वाचवते आहेस?"

उशीत मधोमध दबलेलं होतं. मी ती दोन्ही हातांनी थोपटून फुगवली आणि बॅग आवरायला वळले. परत बघितलं तर उशी पुन्हा दबलेली. स्पंज जुना झाला की असं होतं, अब्बाच सांगायचे.

अब्बांचं गाद्यांचं दुकान आता तू चालवतेस असं कळलं. कव्हरं शिवतेस आणि कापूसही स्वतः भरतेस म्हणे. धूळ नाकात जाते, फडका बांधत जा.

समीना


कोयनानगर
२८ ऑक्टोबर, दुपारचे तीन

आपा,

अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच.

साडेअकराच्या सुमाराला वसीम मदिहाला घेऊन बाग बघायला गेला. मी गेले नाही. तिथल्या घसरगुंडीला किती मुलांचे हात लागले असतील, एवढंच माझ्या डोक्यात येत होतं. रविराज आणि सोनिया म्हाताऱ्यांच्या खोकल्याचं औषध आणायला पाटणला गेले होते. वरच्या मजल्यावर मी आणि ती दोघं म्हातारी, बाकी कुणी नाही.

आधी पडल्याचा आवाज आला. मग दार वाजलं. माझं.

"बाई, आवं बाई. दार उघडा. म्हातारं पडलंय, उठंना."

अंबूबाई होती. मी दारापाशीच होते, टॉवेल बदलत होते. कडी माझ्यापासून हातभर अंतरावर होती.

"आवं बाई, नुसतं धरू लागा. मला एकटीला उचलंना."

मी कडीकडे बघत उभी राहिले. मनात काय चाललं होतं ते सांगते, कारण मला ते नेमकं आठवतं. मी विचार करत होते की ओकारी झाली असेल. तिच्या हाताला लागली असेल. ते हात माझ्या दाराला लागले आहेत. ती गेल्यावर दार बाहेरून पुसावं लागेल. एवढंच. माणूस पडला आहे, हे कानात शिरत होतं पण आत पोचत नव्हतं.

तिने अजून थोडा वेळ वाजवलं. मग स्वतःशीच म्हणाली, "न्हाईत वाटतं आत." आणि तिची पावलं जिन्याकडे गेली.

ते शब्द मी दुसऱ्यांदा ऐकले, आपा. मग मी कडी काढली.

१०५ चं दार उघडंच होतं. भाऊसो पलंग आणि बाथरूमच्या मध्ये पडले होते, पाठ पलंगाला टेकलेली, धोतर खराब झालेलं. ओकले होते. वास होता. तोंड पांढरं आणि घामाने चिंब. मला बघून त्यांनी हात वर केला, माझ्या आधारासाठी नाही, मला अडवायला.

"पोरी, लांब ऱ्हा. समदी घाण झालीया."

मी उंबऱ्यातच थांबले. त्या क्षणी तिथे भाऊसो नव्हते. मी शपथेवर सांगते, तिथे चौकड्याची लुंगी होती, पांढरी बंडी होती आणि नखांच्या कडांना अडकलेला कापूस होता. मी पुढे गेले ते धाडसाने नाही. त्यांना तसं बसलेलं बघवत नव्हतं म्हणून गेले. खाली बसले. ओढणीने त्यांचं तोंड पुसलं. त्यांच्या हाताला कापरं भरलं होतं. मी विचारलं, "साखर आहे का तुम्हाला?" ते म्हणाले, "सुई टोचलीया सकाळी. खाल्लं न्हाई. जीव मळमळत हुता." मी धावत खोलीत गेले, मदिहाची ग्लुकोजची पूड पाण्यात कालवली आणि त्यांचं डोकं माझ्या हातावर घेऊन पाजली. अर्धं माझ्या अंगावर सांडलं. घोट घोट गेलं. पाचेक मिनिटांनी कापरं थांबलं.

तेवढ्यात अंबूबाई खालून मॅनेजरला आणि धोंडुबाईला घेऊन आली. डॉक्टर आले, सलाईन लावलं. आता ते बसले आहेत आणि चहा मागत आहेत. खोकला बिडीचा जुना आहे, छाती साफ आहे असं डॉक्टर म्हणाले.

अंबूबाईने मला नंतर जिन्याशी गाठलं. "तुमी आत हुता व्हय?"

मी हो म्हटलं. तोंडातून कसं निघालं कोण जाणे.

"मग मी येवढी हाका मारत हुते."

"भीती वाटली," मी म्हटलं.

ती आत जाऊन म्हाताऱ्याची हनुवटी पदराने पुसत बसली.

मी आंघोळ केली. मग परत केली. हातांची सालं निघाली आहेत, साबण झोंबतो. वसीम आल्यावर धोंडुबाईने त्याला सगळं सांगितलं, तुमच्या बाईंनी म्हाताऱ्याला वाचवलं म्हणाली. तो माझ्याकडे इतक्या कौतुकाने बघत होता की मला बाथरूममध्ये जाऊन उभं राहावं लागलं.

वर मी "दुसऱ्यांदा" असं लिहिलं आहे. आता वाचताना दिसलं. खोडत नाही.

समीना


कराड
३० ऑक्टोबर २०२५

आपा,

मी मलकापूरला नव्हते.

२०२१ चा आठ मे, शनिवार. वसीम पंधरा दिवसांपासून दुकानातच झोपत होता, दवाखान्यांचे पंप, मोटारी दुरुस्त करायला जावं लागायचं म्हणून घरी येत नव्हता. मी आणि मदिहा दोघीच. रमजान होता, पण तिला पाजत होते म्हणून मला रोजे नव्हते. दुपारी मी कुकर लावला होता. खिचडीचा.

तुझा फोन आला. स्क्रीनवर तुझं नाव दिसलं. सकाळीच तू मेसेज केला होतास की अब्बांना घेऊन निघते आहे, जागा मिळाली नाही तर तुझ्याकडे एक रात्र ठेवू. मी तो वाचला होता आणि उत्तर दिलं नव्हतं. मी फोन पालथा ठेवला. मग दार वाजलं.

मी मदिहाला छातीशी धरून दाराच्या आतल्या बाजूला उभी होते. तुझा आवाज ऐकत होते. अब्बांचा खोकला ऐकत होते. ते पायरीवर बसले असावेत, कारण त्यांचा आवाज खालून येत होता. मदिहा रडू नये म्हणून मी तिला पाजायला घेतलं. अल्लाहकडे मी काय मागत होते सांगू? तुम्ही जावं. अब्बा बरे व्हावेत असं नाही. तुम्ही जावं, एवढंच.

आणि कुकरची शिट्टी झाली.

तुम्ही दोघं एकदम गप्प झालात. मी डोळे मिटले. मग दुसरी शिट्टी. मग अब्बा म्हणाले, "नाही ती घरात. चल, आबेदा."

एवढंच. अजिबात राग नव्हता आवाजात. लहानपणी मी चिंचा चोरून माळ्यावर लपले की ते शेजारच्या बाईला सांगायचे तसंच, "नाही ती घरात."

मी खिडकीच्या फटीतून बघितलं. तू त्यांच्या दंडाला धरलं होतंस. ते चार पावलं चालून थांबत होते. लॉजवाल्या बाळासोने त्यांना मागच्या दाराने आत घेतलं, हे मला नंतर कळलं. बंदी असताना घेतलं, का तर कधी काळी अब्बांनी त्याच्या गाद्या भरल्या होत्या. तुम्ही वळणावरून दिसेनासे झालात आणि मी फिनाईल घालून पायरी धुतली. तेही लिहून ठेवते. दोन बादल्या ओतल्या.

त्या दिवसापासून मी घरात कुकर लावलेला नाही. वसीमला सांगितलं, पातेल्यातल्या भाताला चव येते. शेजारणीकडे शिट्टी झाली की मी हातातलं टाकून उभी राहते. आणि कुठेही झोपायला गेलं की माझ्याआधी त्या पलंगावर कुणीतरी बसलेलं असतं. मी घाण पुसते, मी जंतू मारते, पण मला ज्याला पुसायचं आहे तो डाग नाही, आपा. ते अब्बा आहेत. आपल्या बापाला मी फडक्याने पुसते आहे.

काल वसीमला सांगितलं. तो दुकानात गेला, संध्याकाळी परत आला, जेवला. मग म्हणाला, "मी असतो तर उघडलं असतं का, ते मला सांगता येत नाही. पण साडेचार वर्षं तू मला सांगितलं नाहीस, त्याचं काय करू ते कळत नाही." अजून तो माझ्याशी फारसं बोलत नाही. बरोबरच आहे.

माफ कर असं लिहायला पेन उचललं होतं. ते मागायचा मला हक्क वाटत नाही. तुला खरं माहीत असावं म्हणून लिहिलं.

तिन्ही जुनी पत्रं याच पाकिटात घालते आहे. कोयनानगरला पोस्टापर्यंत गेले होते, पण टाकवली नाहीत. पहिल्या पत्रात परत खोटंच लिहिलं आहे, तेही असू दे.

समीना


कुंडल
५ नोव्हेंबर २०२५

समीना,

पत्रं मिळाली. सगळी वाचली.

शिट्टी मीही ऐकली होती. मी परत दारावर हात मारायला गेले तर अब्बांनी माझं मनगट धरलं. लॉजवर मला म्हणाले, तिचं लेकरू एवढंसं आहे, मीच चुकलो, जायलाच नको होतं. तिला त्यावरून कधी बोलायचं नाही, अशी शपथ घातली. मी ती पाळली. म्हणून तुझ्याशी बोलणंच बंद केलं. बोलले असते तर तेच बोलले असते.

दार उघडलं नाहीस म्हणून मी तुला तोडलं नाही. तेव्हा कोण उघडत होतं? आमच्या गल्लीत शेजारच्या नानासोला ताप होता, तेव्हा मीसुद्धा जेवणाचं ताट त्याच्या उंबऱ्यावर ठेवून पळत आले होते. मी तोडलं ते मलकापूरमुळे. त्याच संध्याकाळी तू फोनवर मलकापूर सांगितलंस. अब्बा शेजारी पडून ऐकत होते, फोन स्पीकरवर होता. अब्बांच्या चाळिसाव्या दिवसाला सगळ्या बायकांसमोर परत सांगितलंस. कुठली गाडी मिळाली, सासूबाईंनी काय केलं होतं जेवायला, सगळं. मी तिथे ताट हातात घेऊन उभी होते.

अब्बा कसे गेले ते तू कधी विचारलं नाहीस. सांगते. सकाळी जरा हुशारी आली होती. बाळासोने चहा आणून दिला, तो अर्धा प्यायले. गादीवर हात दाबून म्हणाले, "बाळासो, ही माझी नव्हे. स्पंज कवा घातलास?" बाळासो बिचारा ओशाळला. मग मला म्हणाले पाठ चोळ. मी चोळत होते. दहाच्या सुमाराला मान माझ्या खांद्यावर आली. ओकारी होती, बाकी सगळंही होतं, मी पुसलं. मला काही झालं नाही. तुला हिणवायला लिहीत नाही. ज्याला व्हायचं त्याला झालं, ज्याला नाही त्याला नाही, त्यात माझं काही शहाणपण नव्हतं. माझ्या घरात दोन महिन्यांचं लेकरू नव्हतं.

त्या धनगर म्हाताऱ्याबद्दल वाचलं. चांगलं केलंस. पण त्याने अब्बांचं काही फिटलं असं समजू नकोस. तसं तू लिहिलं नाहीस, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

मदिहाला मी अजून बघितलेलं नाही, चाळिसाव्यालाही तू तिला आणलं नव्हतंस. रविवारी येते. दोन दिवस माझ्या अंगात ताप आहे, खोकला आहे. डॉक्टर म्हणतात साधा आहे, हवा बदलली की होतो. रविवारपर्यंत उतरेल किंवा उतरणार नाही. उतरायची वाट मी बघणार नाही.

उत्तर पाठवू नकोस. मी येऊन दार वाजवीन.

आबेदा


कराड
१० नोव्हेंबर २०२५

आपा,

तू घरी पोचलीस हे वसीमच्या फोनवर कळवलंस, बरं केलंस. औषध संपेपर्यंत घे.

काल तुझ्यासमोर जे बोलता आलं नाही ते लिहिते. तुला वाटलं असेल मी आत काहीतरी कामात होते. नव्हते. दहापासून मी दाराजवळच्या स्टुलावर बसून होते. वसीमने दोनदा विचारलं, मी उघडू का. मी नको म्हटलं. जिन्यावर तुझा खोकला ऐकू आला. तू वाजवलंस. मी उठले. हात कडीवर ठेवला आणि तो तिथेच राहिला. मदिहा आत खेळत होती आणि मला फक्त तिचा श्वास ऐकू येत होता. किती वेळ गेला मला माहीत नाही. तू दुसऱ्यांदा वाजवलं नाहीस. हाकही मारली नाहीस. मला वाटलं, गेलीस.

उघडलं तेव्हा तू पायरीवर बसली होतीस, पाठ माझ्याकडे करून, पिशवी मांडीवर घेऊन. वळलीस, माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "जरा पाणी दे. चढून दम लागला."

तू गेल्यावर मी हात धुतले. परत धुतले. तुझा पेला उकळत्या पाण्यात टाकला. खोटं लिहायचं नाही म्हणून सांगते. हे इतक्यात जाणार नाही, कदाचित कधीच जाणार नाही. सकाळी मदिहा शिंकली तेव्हा मी तिच्या कपाळाला चारदा हात लावला. ताप नव्हता.

पण तू खुर्चीवर बसली होतीस, आणि मदिहा येऊन तुझ्यासमोर उभी राहिली. "ही कोण?" तिने मला विचारलं. मी म्हटलं, "तुझी खाला." तुला खोकला आला. तू तोंड भिंतीकडे वळवलंस, अगदी भाऊसोंसारखं, आणि तो थांबायच्या आतच ती तुझ्या मांडीवर चढली. तुझ्या गालाला हात लावून म्हणाली, "खाला गरम आहे."

तू माझ्याकडे बघितलंस. वसीमनेही बघितलं. मी ओट्याची कड धरून उभी होते. तिला उचलून घ्यायला मी गेले नाही.

समीना